पडदा तयार?

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारी तीनची आहे, आणि खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण लुनिंग. तिला थापा मारता येत नाहीत. खोटं दुसरा बोलतो आणि कान हिचे लाल होतात.

इलोइलो शहर, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यगृहात कलामहोत्सव होता. शुक्रवारी गाणं, शनिवारी नाटक, रविवारी विनोदी कार्यक्रम. रंगमंचाची सगळी सूत्रं लुनिंगच्या हातात. कानाला हेडसेट लावून ती अंधारात बसते. तिच्या शब्दाशिवाय दिवा लागत नाही आणि पडदा हलत नाही.

तो पडदा एकतीस वर्षं तिच्या वडिलांनी ओढला. तातय म्हणायची ती त्यांना. बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. हेडसेटवर तिनं विचारलं, "पडदा तयार?" की ते नुसतं नखानं माइकवर वाजवायचे.

टक टक.

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही तातयना माती दिली.

लुनिंग रडली नाही. पेटी खाली जात होती तेव्हा ती घड्याळ बघत होती. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण तिला खरंच काही वाटत नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती.

आमच्याकडे मातीवरून कोणी थेट घरी जात नाही. वाटेत कुठंतरी थांबायचं, काहीतरी खायचं. मेलेला माणूस मागं लागला असेल तर तिथंच राहतो. घरापर्यंत पोचला, तर म्हणे एकटा परत जात नाही.

आणि घरी लुनिंगची आई होती, नानाय. तिचं हृदय आधीच अधू.

आम्ही सगळे बेकरीत थांबलो. लुनिंग तडक नाट्यगृहाकडे निघाली. माझ्या आईनं तिचा दंड धरला.

"पाव खा आणि मग जा."

"मावशी, मी काय घरी चाललेय का? नाट्यगृहात थांबले काय आणि बेकरीत काय, सारखंच."

"तुझं घर नाही ते," आई म्हणाली. "पण त्याचं?"

लुनिंग गेलीच.

दुपारचे तीन. पडद्याच्या दोराशी नवा माणूस, एर्निंगदादा. गायकवृंद उभा राहिला. लुनिंगनं सवयीनं विचारलं...

"पडदा तयार?"

...टक टक.

मग एर्निंगचा आवाज आला. "अगं, ही हेडसेटची वायर गळ्यात अडकली होती. आत्ता कानाला लावतोय. काय म्हणालीस?"

वायर बिघडली असेल, असं तिनं ठरवलं. वहीत तशी नोंदही केली.

शनिवारी नाटक. दुसरा अंक संपायला अजून दोन वाक्यं होती. लुनिंगनं आज्ञा दिली नव्हती, आणि...

पडदा पडला.

पडद्याआड नायिका चक्कर येऊन कोसळली होती. प्रेक्षकांना काहीच दिसलं नाही. तातय असंच करायचे. नटाचं पाऊल डळमळलेलं त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. लुनिंग धावत विंगेत गेली. एर्निंगच्या एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात बिबिंग्का केकचा तुकडा. दोर त्याच्यापासून चार पावलं लांब, आपला आपण हलत होता.

"मी शिवलोसुद्धा नाही," तो म्हणाला. कॉफी त्याच्या पायावर सांडत होती.

संध्याकाळी तिनं हे माझ्या आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिथं आहे तोवर बरंय. चाळीस दिवस काढायचेत, मग आत्मा आपला आपण जातो. त्याच्याशी बोलू नकोस. आणि घराचं नावही काढू नकोस."

लुनिंगनं मान डोलावली.

रविवारी नाट्यगृह हसून हसून फुटायचं बाकी होतं. एक पोरगी सांगत होती, आमच्या गल्लीत जिवंत माणसाला बघायला कुत्रं येत नाही, पण मेला की त्याच्या जागरणाला तीन रात्री पत्ते खेळायला गर्दी. लोक डोळे पुसत होते. लुनिंग वेळा लिहीत होती. शेवटचा दिवा विझला. नऊ वर्षं प्रत्येक प्रयोगानंतर म्हणते तेच ती म्हणाली. तोंडातून गेलं, तिनं म्हटलं नाही.

"झालं. मस्त काम केलंत. आता सगळे घरी जा."

...टक टक.

तिचे ओठ गार पडले.

"तातय, थांबा," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला. "थांबा. घरी नको."

हेडसेटमध्ये काही नव्हतं. साधी खरखरही नव्हती.

जीपनी बसला घरी पोचायला चाळीस मिनिटं लागली. दार उघडं होतं. नानाय टेबलाशी बसली होती. केस नीट विंचरलेले. समोर कॉफीचे दोन कप, दोन्ही रिकामे.

"इतकी वर्षं प्रयोग संपला तरी तिथंच रेंगाळायचे," नानाय हसून म्हणाली. "आज वेळेवर आले. मी विचारलं, पोरीनं पाठवलं का? तर टेबलावर दोनदा वाजवलं."

बुधवारी पहाटे नानाय झोपेतच गेली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. हृदय अधू होतंच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

तिच्या मातीनंतर लुनिंग आमच्याबरोबर बेकरीत बसली. तासभर बसली. पाव हातात तसाच. उठायलाच तयार नव्हती. रडली अजूनही नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "मी रोजचंच वाक्य बोलले रे."

एर्निंगनं काम सोडलं. जूनपासून पडदा मी ओढतो.

प्रयोग संपल्यावर लुनिंग आता "झालं" एवढंच म्हणते आणि लगेच हेडसेट काढून ठेवते. पण सुरुवातीला तिला विचारावंच लागतं, "पडदा तयार?" आणि मी घाईघाईनं, मोठ्यानं ओरडतो, "तयार."

माझ्याआधी कोणी उत्तर देऊ नये म्हणून.

आतापर्यंत दोनदा मला उशीर झालाय.