पाण्यात उभा तहानलेला कडुनिंब

पाखरबनातल्या कडुनिंबाला रोज पाणी मिळत होतं, आणि तरीही तो वाळत चालला होता.

पाखरबन म्हणजे शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी असलेलं खेळांचं आणि वनभोजनाचं उद्यान. तिथे लोखंडी घसरगुंड्या नव्हत्या. ओंडक्यांवरून तोल सांभाळत चालायचं, बांबूच्या बोगद्यातून रांगायचं, दोराला लोंबकळत ओढा ओलांडायचा. मधोमध तो थोरला कडुनिंब आणि त्याच्या आडव्या फांदीला टांगलेला झोका. दिवाळीच्या सुट्टीत शलाका आणि तिचा धाकटा भाऊ निहार हेमाआत्याबरोबर तिथे आले, तेव्हा निहार फाटकातून थेट झोक्याकडेच पळाला.

झोका वर गुंडाळून ठेवला होता. बुंध्याला लाल फीत बांधली होती. पानं पिवळी पडून लोंबत होती आणि बऱ्याच फांद्या उघड्या झाल्या होत्या. झाडाखाली टोळ उभा होता. टोळ हा उद्यानाची निगा राखणारा यंत्रमानव. हिरवं अंग आणि सहा काटकुळे पाय, म्हणून मुलांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. एका पायातल्या नळीतून तो झाडाच्या मुळाशी पाणी सोडत होता.

“ही फीत कशासाठी?” शलाकाने विचारलं.

“उद्या सकाळी हे झाड तोडणार आहेत,” टोळ म्हणाला. “पानं मलूल झाली की झाडाला पाणी कमी पडतं, असं मला शिकवलं आहे. म्हणून मी पाणी वाढवलं. पानं आणखी मलूल झाली. मी आणखी वाढवलं. आता वाळलेली फांदी कोणाच्या तरी अंगावर पडेल अशी भीती आहे.”

शलाका खाली बघत होती. तिच्या चपलांभोवती पाण्याचं डबकं झालं होतं, आणि ते मुरायचं नाव घेत नव्हतं.

“आत्या, पाणी तर इथेच आहे. मग झाड ते पीत का नाही?”

हेमाआत्या मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) होती. चंद्रावरच्या संशोधन तळावर भाजीपाला कशात पिकवायचा, याचा शोध तिची प्रयोगशाळा घेत होती. ती उकिडवी बसली आणि तिने जमिनीत बोट खुपसून पाहिलं. बोट आत गेलंच नाही.

“प्रश्न चांगला आहे,” ती म्हणाली. “निहार, भेळेचा डबा आण बघू.”

डबा चुरमुऱ्यांनी काठोकाठ भरलेला होता. आत्याने निहारला तळहाताने चुरमुरे जोरात दाबायला सांगितले. ते करकर चुरडले आणि डब्याच्या निम्म्यापर्यंत खाली गेले.

“बाहेर एकही चुरमुरा सांडला नाही. मग डबा निम्मा रिकामा कसा झाला?”

निहारने डब्यात डोकावून पाहिलं. “मध्ये मध्ये जागा होती. ती गेली.”

“आणि त्या जागेत काय होतं?”

“काहीच नव्हतं,” निहार म्हणाला.

“हवा होती,” शलाका सावकाश म्हणाली.

“हवाच होती. मातीचंही तसंच असतं. कणाकणांमध्ये रंध्रं (बारीक मोकळ्या जागा) असतात. पाणी त्यांतूनच खाली झिरपतं, आणि पाणी झिरपून गेलं की तिथे हवा शिरते. आता मुळांचं काय असतं बघ. जमिनीतलं पाणी ओढून शेंड्याकडे पाठवायचं म्हणजे मुळांनी जिवंत आणि धडधाकट असायला हवं. त्यासाठी त्यांना शक्ती लागते, आणि ती श्वसनातून (हवेतला प्राणवायू घेऊन अन्नातली शक्ती मोकळी करण्याच्या क्रियेतून) मिळते.”

“मुळं श्वास घेतात? नाक नसताना?” निहारने विचारलं.

“नाक नसतं, पण मातीतला प्राणवायू ती आपल्या सालीतून शोषून घेतात. तो मिळाला नाही तर मुळं दुबळी होतात, मग कुजतात. भोवती कितीही पाणी असलं तरी त्यांना ते वर पाठवता येत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं राहूनही तहानलेलं दिसतं.”

टोळने नळी बंद केली. “म्हणजे मी पाणी ओतून उरलेल्या रंध्रांतली हवाही बाहेर काढली,” तो म्हणाला.

“तुला पानं बघायला शिकवलं होतं. मातीची हवा बघायला कोणी शिकवलंच नाही,” आत्या म्हणाली.

शलाकाचं मात्र समाधान झालं नव्हतं. माती इथेच एवढी घट्ट का झाली असेल? आपला अंदाज खरा आहे का, तेही तपासायला हवं होतं. तिने टोळकडून दोन रिकाम्या बाटल्यांचे तळ कापून घेतले. एक बाटली त्याने कडुनिंबाजवळच्या कोरड्या जागी थोडी आत दाबून उभी केली. दुसरी ओढ्यापलीकडच्या करंजाखाली. तिथे काटेरी झुडपं असल्यामुळे कोणी खेळायला जात नसे. माती दोन्हीकडे सारखीच तांबूस होती. दोन्ही बाटल्यांत तिने पेलाभर पाणी ओतलं. करंजाखालचं पाणी बघता बघता जिरलं. कडुनिंबाजवळचं पाणी होतं तिथेच राहिलं. त्यांनी भेळ कालवली, खाल्ली, डबे धुतले, तरी ते तसंच होतं.

शलाका झोक्याखालच्या गुळगुळीत, उघड्या जमिनीकडे बघत राहिली. सगळ्यात दाट सावली इथे, झोका इथे, सतरंज्या इथे. शाळांच्या सहलीही इथेच उतरत.

“आमच्या पायांनीच झालं हे,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “आम्हाला हेच झाड सगळ्यात आवडतं म्हणून.”

“हो,” आत्या म्हणाली. तिने ते नाकारलं नाही. “पण पायांनी झालेलं हातांनी सुधारता येतं. चल, बर्गेबाईंशी बोल. मी बरोबर येते, पण बोलायचं तू.”

दमयंती बर्गे उद्यानाच्या प्रमुख होत्या. त्यांनी येऊन दोन्ही बाटल्या पाहिल्या, शलाकाचं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

“मागच्या आठवड्यात एक फांदी बाकावर पडली, बाळ. बाक रिकामा होता म्हणून बरं. इथे एवढी मुलं येतात. मी जोखीम कशी घेऊ?”

“वाळलेल्या फांद्या काढून टाका,” शलाका म्हणाली. “आणि भोवती कुंपण घाला, म्हणजे खाली कोणी येणारच नाही. पण झाड अजून जिवंत आहे.”

तिने टोळला एका फांदीची साल नखाएवढी खरवडायला सांगितली. आतून ओलसर हिरवा रंग दिसला.

“आणि एवढं करूनही जगलं नाही तर?”

“मग तोडा. पण आधी त्याला एकदा श्वास तरी घेऊ द्या.”

बर्गेबाईंनी वर फांद्यांकडे पाहिलं. “पुढच्या दिवाळीपर्यंत थांबते,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण या फांदीला झोका पुन्हा लागणार नाही.”

सगळ्यांनी निहारकडे पाहिलं. मग तो टोळला म्हणाला, “सोड तो खाली.” झोका खाली आल्यावर त्याने दोर गुंडाळला, फळी काखेत मारली आणि कोणाचीही मदत न घेता तो कोठीघरात ठेवून आला.

दुपारभर काम चाललं. जाड मुळं कुठे आहेत ते टोळने ध्वनिलहरींनी (जमिनीत सोडलेल्या आवाजाच्या लाटांनी) शोधलं आणि ती चुकवून आपल्या टोकदार पायाने जमिनीत अरुंद, खोल भोकं पाडली. मुलांनी त्यांत वाळका पाचोळा आणि कुजलेलं खत भरलं. वरून जमिनीवर पाचोळ्याची जाड गादी पसरली, फक्त बुंध्यालगतची जागा मोकळी ठेवली. “हा पाचोळा खायला गांडुळं येतील,” आत्या म्हणाली, “आणि ती बिळं करतील. तीच मातीची खिडक्या-दारं.”

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा आले. कडुनिंब पूर्वीइतका डेरेदार नव्हता. काढलेल्या फांद्यांच्या जागी मोठी खिंडारं दिसत होती. पण उरलेल्या फांद्यांवर हिरवीगार पानं होती आणि लाल फीत कुठेच नव्हती. झाडाभोवती आता लाकडी पूल वळसा घेत होता. बारीक खांबांवर तोललेला, जमिनीपासून हातभर उंच. मुलं त्यावरून झाडाजवळ जात होती आणि खाली मातीवर एकही पाऊल पडत नव्हतं.

“ओलाव्याबरोबर आता मी मातीतली हवाही मोजतो,” टोळने सांगितलं. “राज्यातल्या इतर उद्यानांतल्या यंत्रमानवांनाही मी हे शिकवलं आहे.”

आत्या हसली. “आमच्या चंद्रावरच्या रोपांच्या वाफ्यांमध्येही आता असेच पूल बांधणार आहोत. तिथली बारीक धूळ ओली झाली की अशीच घट्ट बसते.”

निहार पुलावर पालथा पडून दोन फळ्यांच्या फटीतून खाली बघत होता. पाचोळ्याच्या कडेला मातीच्या इवल्या गोळ्यांचा ढीग दिसत होता. शेजारच्या भोकातून एक लांब, गुलाबीसर गांडूळ अर्धं बाहेर आलं, त्याने एका पानाचं टोक पकडलं आणि ते हळूहळू आत ओढायला लागलं. निहारने शलाकाला खुणेनं जवळ बोलावलं.

“दार उघडलं बघ,” तो कुजबुजला.

शलाकाही त्याच्या शेजारी पालथी पडली. पान अर्धं जमिनीत गेलं होतं.