जोडीतलं घड्याळ

‘काका, हे फर्स्ट कॉपी किती दिवस टिकंल?’ हा प्रश्न मला दिवसातून दोनदा-तीनदा तरी ऐकावा लागतो. हिंगोलीत मोंढ्याकडून एसटी स्टँडकडं येणाऱ्या रस्त्यावर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि मी, कोंडीबा. एकतीस वर्षं झाली. संध्याकाळी गावात कुठं कीर्तन असलं की शटर लवकर खाली येतं आणि मी टाळ घेऊन उभा राहतो. हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, ते रागावत नाहीत.

नकली घड्याळाच्या या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं आहे. बसून काम करणाऱ्याच्या हातात दोन वर्षं, घाम गाळणाऱ्याच्या हातात सहा महिने. सोनेरी मुलामा आधी पट्ट्याच्या कडेनं जातो, मग चावीवरून. पोटातले तीन छोटे काटे नुसते शोभेचे असतात. वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं, पण झाकणाखालचं रबर पहिल्याच पावसात हार मानतं. आणि मागं कोरलेला नंबर बघायचाच नाही. एका साच्यातल्या हजार घड्याळांवर एकच नंबर असतो.

बाकी, घड्याळ वापरणारा काय काम करतो ते मला पट्टा बघून कळतं. वेल्डरच्या काचेवर बारीक खड्डे पडतात. वडे तळणाऱ्याच्या पट्ट्याच्या सांध्यांत पीठ आणि तेल मिळून घट्ट होतं. आणि हळदीच्या दिवसांत आमच्या भागातलं प्रत्येक घड्याळ पिवळं होऊन येतं. हळद शिजवताना वाफ आत शिरते, ढोलात घासताना भुकटी शिरते. आठ दिवसांत सांधे पिवळे. साबणानं धुतलं तरी जात नाही.

नीलाबाईच्या घड्याळात हळद नव्हती.

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातली ती. चाळिशी अजून आली नसेल. फाल्गुनातल्या एका बाजाराच्या दिवशी आली आणि मनगटावरचं गड्याचं मोठं घड्याळ काढून तिनं काचेवर ठेवलं. बड्या परदेशी कंपनीचं नाव, हिरवी तबकडी.

“काका, बघा बरं जरा. बराबर चालू हाय ना?”

“चालू आहे की. काय तकलीफ?”

“तकलीफ काही न्हाई. बघा फक्त.”

तिची बोटं नखांपर्यंत पिवळी होती. मनगटही पिवळं. मी भिंग लावलं. पट्ट्याच्या सांध्यांत पिवळ्याचा ठिपका नव्हता. त्याऐवजी बारीक पांढरे कण. दातकोरणीनं काढून जिभेला लावले. खारट.

“हळदीवर जाता ना बाई?”

“महिना झाला, रोज जाऊन राहिले. काहून?”

“काढून ठेवत असाल मग.”

“न्हाई काढत,” ती म्हणाली. “झोपताना बी न्हाई.”

मग थोडं थोडं सांगितलं तिनं. तिचा नवरा वसराम गुजरातकडं, समुद्रावर मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला. जाण्याआधी नांदेडहून दोन घड्याळं आणली, एकसारखी, जोडीची. एक त्याच्या हातात, एक हिच्या. “बायकांचं छोटं मिळत होतं. मीच म्हनलं, मला बी तुमच्यासारखंच पाहिजे.” चार महिने फोन आले. मग बोट उलटली. अकरा जण पाण्यातून जिवंत निघाले, वसराम निघाला नाही. देहही मिळाला नाही. पोलिसांत नाव देऊन चौदा महिने झाले होते.

मी घड्याळ उघडलं. मशीन कोरडं, सेल बरा होता, रबर गेलेलं होतं. नवं रबर घातलं, सगळं स्वच्छ केलं. घामाचं मीठ असेल, असं स्वतःला समजावलं. घाम सुकला की पांढरं पडतंच.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. सांधे पुन्हा पांढरे. या वेळी चिमट्याला एक चकचकीत पापुद्रा आला, तांदळाच्या दाण्याएवढा गोल. दिव्याखाली धरला. माशाचं खवलं होतं.

“घरी मासे केले होते का?”

नीलाबाई हसली. “आमच्या याडीनं माळ घातली तवापासून घरात अंडं बी येत न्हाई, काका.” याडी म्हणजे तिची सासू.

मी माळकरी माणूस. देवावर विश्वास आहे, म्हणून भुताखेतांवर ठेवायला जागा उरत नाही. मी तिला म्हटलं, घड्याळ आठ दिवस माझ्याकडं ठेवा. ती तयार होईना. शेवटी मी गळ्यातल्या माळेला हात लावला, तेव्हा दिलं. धुऊन, पुसून, भिंगाखाली कडी न् कडी तपासून मी ते काचेच्या बरणीत घातलं, झाकण फिरवून वर चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली. बरणी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. रात्री ती तिजोरीत जायची.

तिसऱ्या दिवशी बरणीच्या बुडाला पांढरं दिसलं. पाचव्या दिवशी चावीजवळचा मुलामा गेला होता. उजव्या हाताच्या अंगठ्यानं पुन्हा पुन्हा घासल्यावर जसा जातो, तसाच. सहाव्या दिवशी कडेला नवा पोचा होता आणि पोच्यात काळं ग्रीस.

चिकटपट्टीवर माझी सही जशीच्या तशी.

त्या संध्याकाळी कीर्तनात माझा टाळ दोनदा चुकला. शेजारच्या टाळकऱ्यानं डोळे वटारले. मग मी स्वतः वाजवायचं सोडून नुसता हात सैल धरला, आणि ओळीतल्या वीस जणांचा ठेका आपोआप माझ्या हातात उतरला. हे नेहमीचंच. पण त्या दिवशी मी माझ्या हाताकडं बघत राहिलो. कॉपीवाले मूळ घड्याळाच्या तोंडवळ्याची नक्कल करतात. हे घड्याळ दुसऱ्या घड्याळाच्या झिजेची नक्कल करत होतं. कुठंतरी एक मनगट घामेजत होतं, आणि त्याचं मीठ माझ्या बरणीत पडत होतं.

मेलेला माणूस चावी घासत नाही.

बाजाराच्या दिवशी नीलाबाई आली ती दिराला घेऊन. गोपीचंद त्याचं नाव. ट्रॅक्टर चालवणारा, मोठ्या आवाजाचा, पण डोळे रडून लाल झालेले.

“काका, ते घड्याळ देऊन टाका. रविवारी भावाचा पुतळा करून राहिलो आमी.”

पुतळा म्हणजे काय ते मला माहीत होतं. माणूस बेपत्ता असला, देह मिळाला नाही, की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याच्या वापरातली एखादी वस्तू त्याच्यावर ठेवतात आणि अग्नी देतात. म्हणजे जीव सुटतो, घरचेही सुटतात.

“वसरामचं घड्याळ त्याच्याजवळच आहे,” मी म्हणालो. “हे हिचं.”

“जोडीचं हाय. चालतं, असं तांड्याचे नायक म्हनले. दुसरं काय उरलंय त्याचं? एक कंगवा. याडी झुरून राहिली, काका. जेवत न्हाई. म्हनते, पोरगं पान्यात तडफडून राहिलं, त्याला सोडवा.”

नीलाबाई पदराचं टोक पिळत उभी होती. “एकदा पुतळा जळाला की आमच्या घरात तो मेला,” ती हळू म्हणाली. “मंग उद्या दारात येऊन उभा राहिला तरी भूत म्हनून हाकलतील. माझ्या चुलत सासऱ्याला हाकललं होतं. आठ वर्षांनी आला होता बिचारा.”

मी बरणी पुढं केली आणि काय काय दिसलं ते सगळं सांगितलं. गोपीचंदनं ऐकून घेतलं.

“तुमी घड्याळवाले का देवऋषी?”

“घड्याळवालाच. म्हणूनच सांगतोय.”

“मंग रविवारी येऊन नायकासमोर सांगा. मला काहून सांगता?”

काच पुसून घड्याळ मी नीलाबाईच्याच हातात दिलं.

रविवारी सकाळी नऊच्या एसटीनं मी कनेरगाव नाक्यावर उतरलो. ढाब्यावर चहा घेतला. तांडा तिथून पायी वीस मिनिटं. वाटेनं दोन्ही बाजूला हळद वाळत घातलेली. लिंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. मध्ये घोंगडीवर पुतळा निजवला होता. हिरवी पानं, कणकेचं डोकं, डोळ्यांच्या जागी कवड्या. खरं सांगतो, त्याच्याकडं बघून भीती वाटली नाही. कोणीतरी थकून झोपलंय असं वाटलं.

नायक प्रेमदास सत्तरीचे. त्यांनी मला बाज दिली, पाणी दिलं. “बोला महाराज.” माळ बघून म्हणाले असतील.

मी मीठ, खवलं, ग्रीस, अंगठा, सगळं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, “बुढ्याला कीर्तन चढलंय.” हसू पसरलं. मलाही थोडं आलं.

“शहरातली मानसं काही बी सांगतात,” गोपीचंद म्हणाला. “भावजयीला बरं वाटावं म्हनून सांगत असतील. दे भाबी घड्याळ. ऊन चढून राहिलं.”

नीलाबाईनं घड्याळ काढलं. तिच्या मनगटावर हळदीच्या पिवळ्यात पट्ट्याएवढी गोरी जागा होती. तिनं ते पुतळ्यावर ठेवलं नाही, नायकाच्या हातात दिलं.

“तुमी बघा आधी. मंग जाळा.”

मी भिंग पुढं केलं. नायकांनी ते डोळ्याला लावलं, घड्याळ उन्हात धरलं. मी शेजारी वाकलो. काच मी स्वतः पुसून दिली होती. स्वच्छ होती.

“काही दिसत न्हाई मला,” ते म्हणाले.

“थांबा थोडं.”

थांबलो. कुठंतरी शेळी ओरडली. सेकंदकाट्याचा एक फेरा झाला, दुसरा झाला.

मग काचेवर, बाराच्या आकड्यापाशी, एक बारीक पांढरी रेघ उमटली.

ती लांबत गेली. सावकाश. काचेवरून कुणी खडबडीत दोर ओढावा तशी. तीनपर्यंत आली. थांबली. पुन्हा थोडी सरकली.

नायकांचा हात हलला नव्हता. काचेला काही लागलेलं नव्हतं.

त्यांनी भिंग काढलं. गोपीचंदला दिलं. गोपीचंदनं बघितलं, नखानं रेघ चाचपली, पुन्हा चाचपली.

मग म्हातारी याडी आली. कोणी हात धरून आणलं नाही, आपली आपण आली. दिसत नव्हतं तिला नीट. तिनं घड्याळ घेतलं आणि कानाला लावलं. बराच वेळ तशीच उभी होती.

“काम करून राहिलाय,” ती म्हणाली. “माझं लेकरू काम करून राहिलंय.” आणि तिनं सुनेकडं वळून भाकर मागितली.

नायक उठले. “पानं सोडवा. पुतळा होनार न्हाई.”

पुढच्या बाजाराला मी सकाळपासून वाट बघत होतो. नीलाबाई आणि गोपीचंद दोघंही आले. गोपीचंदनं माझ्यासाठी पिशवीभर नवे हरभरे आणले होते. “घ्या देवऋषी,” म्हणाला आणि स्वतःच लाजला.

“काका, एक झालं,” नीलाबाई म्हणाली. “रविवारी तुमी गेल्यावर दुपारी बंद पडलं. माझा जीव गेला. अर्धा घंटा गेला असंल, परत सुरू. हात बी लावला न्हाई आमी.”

“सेल बघू,” मी म्हणालो आणि झाकण उघडलं.

आम्हा घड्याळवाल्यांची एक सवय असते. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. पुढं कोणी विचारलं तर कळावं, कोणी उघडलं होतं आणि कधी. फाल्गुनात मी कोरलं होतं, ‘को’ आणि तारीख. ते होतंच.

त्याच्याखाली आणखी एक खूण होती.

अक्षर ‘म’सारखं, पण डोक्यावर रेघ नाही. गुजराती. शेजारी तारीख. त्याच रविवारची. आत सेल नवा कोरा होता, मी कधीच न वापरलेल्या कंपनीचा.

मी दोघांना भिंगातून दाखवलं. वसरामच्या घड्याळाचं झाकण त्या रविवारी तिकडं कुण्या घड्याळवाल्यानं उघडलं होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात नीलाबाईचा हुंदका बुडाला.

“मानूस कोनता कसं कळंल?” गोपीचंदनं विचारलं. “एवढा मोठा किनारा.”

“आपल्या हातचं अक्षर कारागीर कधी नाकारत नाही. बंदराबंदरावर जायचं, घड्याळवाल्याचं दुकान शोधायचं, झाकण दाखवायचं. आणि घड्याळवाल्याशी घड्याळवालाच नीट बोलेल.”

“म्हंजे?”

“म्हणजे तिकिटं तीन काढ.”

तो धावतच स्टेशनकडं गेला. नीलाबाई डोळे पुसत हसत होती, मध्येच म्हणत होती, “त्याला म्हनावं, नवा सेल टाकायला सुचतं, फोन करायला काहून सुचत न्हाई?”

मी झाकण लावायला घेतलं. दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा दिसलं. सुईनं कोरताना पत्र्याचा केसाएवढा कीस निघतो, तो हातासरशी फुंकून टाकायचा असतो. त्या नव्या खुणेचा कीस फुंकलेला नव्हता. अक्षराच्या कडेला ताजा, चमकत पडला होता, आणि वारा नसताना हळूच हलत होता, जणू तिकडं कुणाचातरी श्वास त्याला लागत होता.