चौकटीत एकच चेहरा

आहुप्याला मी गेले ती एका सहीसाठी. सही म्हणजे अंगठाच, कारण तुकाबाईंना लिहिता येत नव्हतं.

जुन्नरच्या पेठेत, बियाण्यांच्या दुकानावर, आमच्या गुंतवणूक कंपनीची शाखा आहे. तीन टेबलं, एक कुलर आणि भिंतीवर हसणाऱ्या म्हातारा-म्हातारीचं पोस्टर. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर शेअर बाजाराचे चढउतार बघत बसतो. कसलं काय! आम्ही फॉर्म भरतो. अमक्याचा फोटो, तमक्याची सही, आणि मार्च उजाडला की जास्तीत जास्त खाती उघडायची घाई. "रुमानाकडे द्या, चुटकीसरशी होईल," असं शाखेचे सर सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं.

नवसूचं खातं मी असंच चुटकीसरशी उघडलं. एकतीस मार्चची संध्याकाळ होती. पोरगा आहुप्याचा, चाकणला कारखान्यात कामाला. "बाई, माज्या माघारी आईला मिळाया पायजे. तिचं नाव लावा," तो म्हणाला. आईचं आधार कार्ड काही त्याच्याजवळ नव्हतं. मी 'वारस नेमायचा नाही' या चौकोनात खूण केली आणि म्हणाले, "नंतर लावू. दोन मिनिटांचं तर काम आहे." त्या दोन मिनिटांसाठी त्याने पुढे तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी कामात होते.

गेल्या वर्षी जूनमध्ये मंचरच्या पुढे त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. रजा टाकून तो आमच्याच ऑफिसला निघाला होता. खिशात आईच्या आधार कार्डची झेरॉक्स सापडली. हे मला त्याच्या आईने, तुकाबाईंनीच फोनवर सांगितलं, एका शब्दानेही दोष न देता. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

वारस नेमलेला नसला की त्या माणसाच्या आईलाही ती त्याची आई आहे हे सिद्ध करावं लागतं. दाखले, शपथपत्रं, कोर्टाचे हेलपाटे. त्या बाईने चौदा महिने ते सगळं केलं. शेवटी एक अंगठा आणि चेहऱ्याची पडताळणी तेवढी उरली. ती मुदतीत झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सर दुसऱ्या कुणाला पाठवणार होते. मी म्हटलं, मीच जाते.

घोडेगावहून एसटी धरली. डिंभे धरणाचं पाणी दिसत होतं तोवर ऊन होतं. घाट चढला तशी धुक्याने काच भरली आणि भर दुपारी ड्रायव्हरने दिवे लावले. आहुप्याला उतरले तर समोरचं माणूस दिसेना. नुसता झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज... आणि कुठेतरी ओल्या लाकडाचा धूर. धुराच्या वासावर विचारत विचारत घर गाठलं.

घरात वीज नव्हती. माळ्यावरच्या हिरड्यांचा तुरट वास येत होता, आणि धुकं दारातून आत येऊन चुलीपाशी रेंगाळत होतं. अंगठा झाला. मग मी टॅबलेट काढला. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती हिरवा गोल उमटतो, डोळ्यांची उघडझाप करायची, की संपलं.

गोल उमटला नाही. लाल अक्षरं आली. 'चौकटीत एकच चेहरा असावा.'

मागे देवाचं कॅलेंडर होतं. ते उतरवलं. तरी तेच. तुकाबाईंना उठवून कोऱ्या भिंतीशी बसवलं. आता दोन गोल उमटले. एक त्यांच्या चेहऱ्यावर. दुसरा डाव्या खांद्याच्या जरा वर, रिकाम्या अंधारावर. तो स्थिर नव्हता... वाकून बघणाऱ्याचं डोकं हलतं तसा तो हलत होता.

"घरात... अजून कुणी आहे?"

"कोन असनार? आमी दोघंच," तुकाबाई म्हणाल्या. मग मी त्यांच्या खांद्यामागे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "त्याची आडकाठी व्हतीया व्हय?"

मी मान हलवली. त्यांनी मान न वळवताच, अगदी हळू म्हटलं, "नवसू... जरा बाजूला सर, बाळा. बाईंचं काम व्हऊ दे."

दुसरा गोल विझला. पडताळणी पूर्ण झाली.

पंधरा दिवसांनी दावा मंजूर झाला. मी आनंदाने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रकमेचं काही विचारलं नाही.

"बाई, त्यो परत आला न्हाई. चौदा म्हैने माज्या खांद्याशी व्हता. मीच म्हनलं, बाजूला सर. आता घर लई मोकळं झालंय. तुमच्या त्या मशिनीत दिसतो का, बघा ना..."

तो दिसत होता. आहुप्याहून परतल्यापासून माझ्या टेबलावर एकही खातं उघडत नव्हतं. समोर गिऱ्हाईक बसलं की त्याच्या खांद्यावर दुसरा गोल यायचा, मी भरत असलेल्या फॉर्मकडे वाकलेला. सरांनी टॅबलेट बदलून दिला. नव्यावरही तेच.

हे तुकाबाईंना फोनवर सांगायची छाती झाली नाही. रविवारी टॅबलेट पिशवीत घातला आणि आहुपे गाठलं. एसटीत शेजारची जागा रिकामी ठेवली. वाटेत दोनदा हलक्या आवाजात म्हटलं, "चल, घरी चाललोय." तुकाबाई त्याच भिंतीशी बसल्या, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. पडद्यावर एकच गोल उमटला, त्यांच्या चेहऱ्यावरचा. पहिल्या फटक्यात पडताळणी झाली. त्या तोंडाला पदर लावून रडल्या, आणि मीही रडले.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलं. दोन गोल आले.

शेजारच्या टेबलावरची रुपाली म्हणते, तूही सांग ना त्याला बाजूला सर म्हणून. माझं धाडस होत नाही. आईने एकदाच म्हटलं, तर तो घर सोडून इथे आला. मी म्हटलं, तर तो कुठे जाईल?