बर्फात ब्रेक दाबायचा नसतो

फोर-बाय-फोर गाडी घेतली की बर्फाचं आपल्यापुढे काही चालत नाही, असं मला ज्याने सांगितलं तो मला एकदा भेटलाच पाहिजे. म्हणजे... सांगितलं कुणीच नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

जानेवारीतली सकाळ होती. नॉटिंगहॅमबाहेरच्या आमच्या टेकडीवरच्या गावातून मी खाली निघाले आणि पहिल्याच उतारावर वळण आलं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायचं सोडून, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखी, निवांत समोरच्या झुडपात जाऊन बसली.

मी नागपूरची. पंचेचाळीस डिग्रीत स्कूटी चालवलेली मुलगी. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता. पण मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे, आणि डायलिसिसच्या पेशंटला 'आज बर्फ आहे हो, परवा या' असं सांगता येत नाही. त्यामुळे रडायलाही वेळ नव्हता. मी खाली उतरले आणि चाकाला एक लाथ घातली.

"भैताड कुठली!"

"तो वर्ड मला माहीत नाही," मागून आवाज आला, "पण गाडीचा चूक नाहीये."

मराठी! या ओसाड रस्त्यावर! मी वळले. पिवळं जॅकेट, लोकरीची टोपी, पापण्यांवर अडकलेला बर्फ... आणि त्याखाली इतके शांत डोळे की माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

"फोर-बाय-फोर आहे माझी," मी ठसक्यात म्हणाले.

"हो. पण टायर उन्हाळ्याचे. आणि चार चाकं निघायला हेल्प करतात. थांबायला नाही. थांबताना सगळ्या गाड्या सेम." त्याने हात पुढे केला. "मी कुश. स्नो व्हॉलंटियर. बर्फ पडली की आम्ही नर्स, डॉक्टर लोकांना हॉस्पिटलला नेतो. तू हॉस्पिटलची?"

"वरदा. डायलिसिस युनिट."

"मग बस. मागे."

"मागे काऊन? पुढची सीट रिकामी आहे ना!"

"पॅसेंजर मागे. रूल आहे."

अस्सा राग आला! पण बसले मुकाट्याने, मागे.

बर्फ काही हटेना. कुशच्या ग्रुपचा फोन आणि वॉकीटॉकी सांभाळायचे मुरलीधरकाका. चाळीस वर्षं इथे राहिलेले, रिटायर्ड. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "मी मुरलीधर, कंट्रोल. आजच्या लिस्टवर तुझं नाव आहे गं. कुश आठला येईल." आणि आठला दोन मिनिटं कमी असताना कुशची जुनी हिरवी गाडी दाराशी उभी. छपरावरचा बर्फसुद्धा झाडलेला. का, तर ब्रेक लावला की तो काचेवर घसरतो.

इंग्लंडमध्येच जन्मलेला हा मुलगा कौन्सिलमध्ये ट्री ऑफिसर होता, म्हणजे गावातली झाडं तपासायचा. गाडीही तशीच चालवायचा, झाडाला हात लावून बघावं इतकी हळू. आणि बोलायचा त्याहून कमी. मी मात्र मागून अखंड चालू.

"तू नेहमीच इतका गप्प असतोस का रे?"

"ड्राइव्ह करताना."

"आणि ड्राइव्ह करत नसताना?"

आरशात त्याचे डोळे एकदम माझ्याकडे आले... हसले... आणि लगेच रस्त्यावर गेले. बास. एवढंच! पण त्या एवढ्यावर मी दिवसभर मशीनची बटणं दाबताना एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर गरम पाण्याची पिशवी. तिसऱ्या दिवशी डबीत आल्याच्या वड्या.

"हे काय?"

"कंट्रोलने दिलंय. सगळ्या पॅसेंजरला."

सगळ्यांना! म्हणजे मी सगळ्यांतलीच एक. तरी मी जीव घट्ट करून विचारलं, "तुझा नंबर दे ना... उशीर झाला तर कळवता येईल."

त्याचे कान लाल झाले. "कंट्रोलला फोन कर," तो म्हणाला.

आता याला काय म्हणायचं? वड्या द्यायच्या, आरशातून बघायचं आणि नंबर मागितला तर कंट्रोल! संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"पुढे बसवत नाही म्हणतेस? लग्न झालेलं असेल त्याचं," आई म्हणाली. "नाहीतर तू फार बोलत असशील, बाप्पा."

माझं डोकं पार आउट झालं. तो माझ्यासाठी येतो की लिस्टसाठी? बर्फ वितळला की संपलं का सगळं? मी, नागपूरची, रात्री देवाला हात जोडून चक्क बर्फ मागत होते!

चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात तो म्हणाला, "वरदा, तुझ्या गाडीला विंटर टायर लावून घे. शनिवारी मी तुला शिकवतो, बर्फात चालवायला. मग तुला माझी गरज नाही."

किती आनंदाने म्हणाला तो हे! कंटाळला म्हणजे. वटवट ऐकून ऐकून विटला बिचारा.

"बरं," मी म्हणाले. काय म्हणणार दुसरं?

झुडपातून काढलेल्या माझ्या गाडीला विंटर टायर लागले, आणि शनिवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या बंद गार्डन सेंटरच्या पार्किंगमध्ये भेटलो. मला वाटलं, आज तरी शेजारी बसेल. छे! त्याने माझ्या हातात एक वॉकीटॉकी ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि जाऊन उभा राहिला बर्फात.

"माझ्यावर भरवसा नाही का?" मी बटण दाबून विचारलं.

"आहे. ओव्हर."

"मग शेजारी बस ना!"

थोडी खरखर. मग, "अजून नाही. ओव्हर."

"अजून नाही म्हणजे काय?"

"दुसऱ्या गिअरवर सुरू कर. हळू. ओव्हर."

देवा रे! पण शिकवलं मात्र छान. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेव की खाली अंडं आहे. पुढच्या गाडीपासून दहापट लांब राहा. उतारावर खालचा गिअर टाक, इंजिनलाच गाडी धरू दे. घसरली तर पाय काढ, घाबरून ब्रेक दाबू नको. आणि काहीही झालं तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर.

तासाभरात माझी गाडी माझं ऐकायला लागली. उताराच्या तोंडाशी मी ती अलगद उभी केली तेव्हा कुश लहान मुलासारखा उड्या मारत खिडकीशी आला.

"ब्रिलियंट! कंट्रोलला सांगतो, तुझं नाव लिस्टवरून काढा!"

"एवढी घाई झालीय?"

"हो!" तो म्हणाला. चेहरा नुसता फुललेला.

माझे डोळेच भरून आले. "काढ मग! आत्ताच्या आत्ता काढ!" मी काच वर केली, गिअर टाकला आणि निघाले उतारावरून खाली. वॉकीटॉकी शेजारच्या सीटवर पडलेला होता. त्यातून कुशने कंट्रोलला काहीतरी सांगितलं, आणि मग तो एकदम ओरडायला लागला.

"वरदा, थांब! ओव्हर. नको, ब्रेक नको दाबू! थांब, पण ब्रेक नको! ओव्हर!"

मी रडत होते की हसत होते, कुणास ठाऊक. गाडी खालच्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखी उतरत होती.

"वरदा, ऐक. आमचा रूल आहे. लिस्टवर असलेल्या पॅसेंजरला नंबर द्यायचा नाही, बाहेर बोलवायचं नाही. कारण तिला आमच्या गाडीशिवाय कामावर जाता येत नाही... तिला 'नाही' म्हणता येणार नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. तो पळत होता बहुतेक. "आता तुझं नाव काढलं. तुझ्याकडे गाडी आहे, तुला चालवता येते. आता तू मला नाही म्हणू शकतेस. म्हणून विचारतो... तू मला खूप आवडतो. आवडतेस! माझ्याबरोबर कॉफीला येशील? ओव्हर."

दोन्ही हात स्टिअरिंगवर. बटण दाबणार कशाने? समोर वळण, तेच, झुडपाचं. माझं काळीज धाडधाड उडत होतं आणि पाय मात्र अंड्यावर.

"वरदा?... नाही म्हटलं तरी चालेल. ओव्हर."

खरखर झाली आणि तिसराच आवाज आला. "कुश, कंट्रोल बोलतोय. अरे, ती गाडी चालवतेय, तिला थांबू तरी दे! आणि आल्याच्या वड्या मी कधी दिल्या रे? ओव्हर."

मुरलीधरकाका! सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला हसू आवरेना. झुडूप हातभर अंतरावरून अलगद मागे गेलं, वळण संपलं, सपाट रस्ता आला, आणि गाडी आपल्या आपण थांबली. मी हँडब्रेक ओढला. वॉकीटॉकी उचलला.

"कुश."

"हो? ओव्हर."

"मला नाही म्हणता येतं. पण मला म्हणायचं नाहीये. पळू नकोस, घसरशील. हळू चालत ये... पुढची सीट रिकामी आहे. ओव्हर."

अर्थातच तो पळाला. अर्थातच दोनदा पडला. दार उघडून शेजारी बसला तेव्हा टोपी गायब, गुडघ्यांवर बर्फ आणि पापण्या पांढऱ्या. गाडीत पहिल्यांदाच ते डोळे मी आरशाशिवाय पाहत होते, आणि ते अजिबात शांत नव्हते.

"सीटबेल्ट," मी म्हणाले.

त्याने लावला. "आता... रस्त्याकडे बघ."

"बघते रे. गाडी उभी आहे, इतक्यात कुठे जायचंय?"