वळचणीची सात घरटी

छपराच्या दुरुस्तीतल्या एका फ्लॅटच्या वाट्याचं बिल चार हजार तीनशे पौंडांचं होतं. सोबतच्या पत्राचा अर्थ सरळ होता: महिनाभरात भरा, नाहीतर फ्लॅटवर पाणी सोडा.

"घर घेतलं माझ्या पैशानं," मेव्हिस पिकरिंग कडाडल्या. "पण जमीन आणि छप्पर जमीनमालकाचं! दुरुस्ती त्याचा मॅनेजर ठरवणार, खिसा आमचा कापणार!"

शाळेच्या भोजनगृहात चाळीस वर्षं पोरांना वाढणाऱ्या या बाईंना आता ताटातला घास जाताना दिसत होता.

"काम झालंच नाही असं वाटतं तुम्हाला?" खासगी तपास करणाऱ्या रोवेना क्रॅगनं विचारलं.

"जूनभर मी लीड्सला बहिणीकडे होते. मागच्या बाजूला खिडक्या फक्त माझ्याच. कोण बघणार?"

रोवेनाचा तपासातला जोडीदार बर्नार्ड, निवृत्त बसचालक, खिडकीतून वाकला. "समोर नुसती टेकडीच! समुद्र नाही दिसत?"

"स्कारबरोसारख्या समुद्रकाठच्या गावात राहून इथून कधी दिसला नाही हो. करमणूक म्हणजे या पाकोळ्या." छपराच्या वळचणीच्या फळ्यांना मातीची सात घरटी चिकटली होती. "जुनीच आहेत. दर वसंतात येऊन डागडुजी करतात."

मॅनेजर ज्युलियन हॅरोप ऑफिसात अर्धा तास उशिरा आला.

"माफ करा. नव्या घरातून पाय निघत नाही. न्याहारीच्या टेबलावरून बंदरातल्या बोटी दिसतात." त्यानं फाईल उघडली. "जूनमध्ये त्यांच्या लॅबर्नम कोर्ट इमारतीच्या मागच्या वळचणीच्या सगळ्या फळ्या बदलल्या, रंग दिला. हे मिस्त्रीचं बिल. म्हातारीला फुकट राहायचंय, दुसरं काय!"

मिस्त्री डग्गी शॉ आवारात शिड्या बांधत होता. बिल बघून त्यानं मान डोलावली. "सही माझी. दोन आठवडे पाठ मोडली."

"लॅबर्नम कोर्टचंच काम ना?" बर्नार्डनं विचारलं.

"पत्ता ऑफिसवाले टाकतात. ते रस्ता सांगतात, मी जातो. वर्षाला चाळीस छपरं, नावं कोण लक्षात ठेवतो?"

"वर बसून चहा घेताना काय दिसायचं?" रोवेनानं विचारलं.

"बोटी! रोज मोजायचो."

बाहेर येताच बर्नार्ड म्हणाला, "माणूस सच्चा वाटतो. म्हणजे मेव्हिसबाईच चुकतात."

"माणूस सच्चाच आहे," रोवेना म्हणाली. "बाईही."

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना हॅरोपच्या ऑफिसात समोरासमोर बसवलं.

"डग्गी, पाकोळ्यांची घरटी असलेल्या फळ्या जूनमध्ये काढाल?"

"वेडे का? आत पिल्लं असतात. वापरातल्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. आम्ही सप्टेंबरपर्यंत थांबतो."

"आणि फळ्या बदलल्या असत्या, तर जुनी घरटीही गेली असती. ती सातही जागेवर आहेत. म्हणजे लॅबर्नम कोर्टच्या फळ्या बदललेल्याच नाहीत. पण डग्गींनी काम केलंय, तेही बोटी दिसतात तिथे. मेव्हिसबाईंच्या मागे टेकडी आहे. बोटी कुणाच्या न्याहारीच्या टेबलावरून दिसतात, बर्नार्ड?"

बर्नार्डला वेळ लागला. मग त्यानं हॅरोपकडे बोट दाखवलं.

"मी जूनमध्ये केलं ते कड्यावरचं पांढरं घर?" डग्गी उठलाच. "ते तुमचं? माझ्या घामाचं बिल या बाईंच्या डोक्यावर?"

पक्ष्यांकडे कधी मान वर करून न पाहिलेल्या त्या भामट्यानं बनावट कामासाठी महिना निवडला तोही जून!

हॅरोपनं कपाळ पुसलं. "ऑफिसची चूक झाली. मिसेस पिकरिंग, तुमचं बिल रद्द. विषय इथेच मिटवू."

रोवेनानं मेव्हिसबाईंकडे पाहिलं. घर वाचलं होतं. बाईंनी पर्स उचलली, पण उठल्या नाहीत.

"पुढच्या बाजूच्या फ्लॅटमधल्या विल्फला हेच बिल झेपेना, म्हणून त्यानं फ्लॅट मातीमोल विकला," त्या म्हणाल्या. "लेकीकडे अडगळीच्या खोलीत झोपतो तो. मेल्या, उचल तो फोन. त्याला सांग, चूक झाली म्हणून."