दोन मिलिमीटरचं भांडण

मंगळावरच्या घुमटनगरीत एक चीड आणणारा नियम होता. यंत्रतपासनीस ज्याला 'भंगार' म्हणेल, ते बारा वाजता भट्टीत! आणि आज सकाळी त्यानं बोट दाखवलं ते निहिराच्या चाकाकडे. सायकलचं मागचं चाक, तिनं चार दिवस खपून स्वतः बांधलेलं.

"डावीकडे घासतं. रिम (चाकाची धाव) वाकडी. भंगार."

"मुळीच नाही!" निहिरा उसळली. "आत्या, सांग ना गं याला!"

मालूआत्या वसाहतीची शास्त्रज्ञ, पण ती जागची हलली नाही. "मी कशाला सांगू? चाक तुझं, भांडणही तुझंच. फिरवून बघ."

निहिरानं चाक गरगर फिरवलं. रिम वाकडी असती तर ती घडीत डावीकडे, घडीत उजवीकडे लचकली असती. ही तर सगळीकडून सारखीच डावीकडे सरकलेली! उजवे स्पोक आवळावेत, तर निपलचे (स्पोक आवळायच्या टोपीचे) आटे संपलेले. म्हणजे उजवे स्पोकच लांब होते. आणि ते बनवून दिले होते तपासनिसानंच.

"माप कुठून घेतलंस रे?" तिनं तपासनिसाला दरडावलं.

"पुढच्या चाकाचा एक स्पोक मोजला. छत्तीस तसेच बनवले."

"अरे शहाण्या! मागच्या चाकाला उजवीकडे गिअरच्या चकत्या असतात. त्यांना जागा द्यायला हबची (मधल्या तुंब्याची) उजवी कड आत घेतलेली असते."

तिनं पट्टी लावली. चाकाच्या मध्यरेषेपासून डावी कड चौतीस मिलिमीटरवर, उजवी फक्त अठरा.

"आता तंबूची दोरी आठव," आत्या म्हणाली. "खुंटी खांबाच्या जवळ ठोकली तर?"

"दोरी आखूड लागते! म्हणजे उजवे स्पोकही आखूड हवेत."

हबमध्ये अडकणाऱ्या वाकड्या टोकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत स्पोक मोजत तिनं आकडेमोड केली. डावीकडचे दोनशे ब्याण्णवचे बरोबर होते. उजवीकडे हवे होते दोनशे नव्वद.

"फरक फक्त दोन मिलिमीटर," तपासनीस म्हणाला.

"हो, दोनच! आणि तेवढ्यासाठी तू माझं चाक वितळवायला निघालास!"

तिनं अठरा आखूड स्पोक बनवून घेतले, ओवले, आवळले. बाराला पाच कमी असताना चाक सायकलला बसलं. फिरलं. कुठेच घासलं नाही.

"मापांच्या तक्त्यात चाकाला एकच माप आहे," तपासनीस कुरकुरला.

"मग तक्ता बदल! लिही, मागच्या चाकाला दोन मापं. आणि मोजल्याशिवाय कुणाचंही चाक भट्टीत जाणार नाही."

आत्या हाताची घडी घालून बघत राहिली. तपासनिसानं दोन्ही ओळी तक्त्यात लिहिल्या.

संध्याकाळी तो तक्ता गुरूच्या एका चंद्रावरच्या नव्या वसाहतीकडे निघालेल्या यानात चढला. तिथे अजून एकही सायकल नव्हती. जेव्हा येईल, तेव्हा तिचं चाक कुणी न मोजता वितळवू शकणार नव्हतं. निहिरा मात्र यान बघायला थांबली नाही. सायकलवर टांग मारून ती केव्हाच घुमटाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.