बोरगावची सभा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ही सभा मी मामांच्या शेजारी उभा राहून पाहिली आहे. पटलं तर घ्या.

१९५७ ची निवडणूक. अकोल्याजवळचं बोरगाव. बाजाराचा दिवस, टळटळीत दुपार... रात्र वगैरे नव्हतीच.

मामा, म्हणजे मोरोपंत, अकोल्यात वकील. त्याआधी अमरावतीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. १९१२ सालची अमेरिकेची गोष्ट त्यांची फार आवडती. रूझवेल्टनं आपला मित्र टाफ्ट याला अध्यक्षपदावर बसवलं. पुढे तीच खुर्ची परत मागायला उभा राहिला. पक्षानं तिकीट दिलं नाही, तर वेगळा पक्ष काढला. दोघंही पडले, तिसराच आला.

"हेवा माणसाला आंधळा करतो," मामा सांगायचे.

आणि स्वतः तेच केलं!

देवमनला मागच्या खेपेला त्यांनीच आमदार केलं होतं. साधा शेतकरी, पण बोलायला लागला की भरला बाजार थांबायचा. मामांना ते बघवेना. या वेळी तिकीट मलाच, म्हणून हटून बसले. पक्षानं देवमनलाच दिलं. मामांना अन्न गोड लागेना.

अर्ज भरायच्या आधीच देवमन गेला. झोपेतच.

तिकीट मामांकडे आलं. पहिली सभा देवमनच्याच गावात, बोरगावला.

बैलबंडीवर उभं राहून मामा बोलू लागले. मी शेजारी, उजव्या हाताला. खाली बायकांमध्ये गोदावरीमामी.

जरासं बोलले, आणि भोंगा बंद पडला...

"बॅटरी गेली, वकीलसायेब," भोंगेवाला डोमाजी म्हणाला. सुटलेली तार त्याच्या हातात होती. "मांगच्याईले काईच आयकू येऊन नाई राह्यलं."

तरी मागून टाळ्या आल्या.

मामा थबकले.

पुन्हा टाळ्या... मामा गप्प असताना.

मग लोक हसले. मग डोळे पुसू लागले. सगळ्यांची नजर मामांच्या जरा डावीकडे...

तिथे कुणीच नव्हतं.

मामांचा चेहरा काळवंडला. भीतीनं नाही, सांगतो. हेव्यानं.

"मेला तरी जागा सोडत नाही!" ते ओरडले. मग घसा बसेपर्यंत ओरडतच राहिले. "माझं ऐका! उमेदवार मी आहे!"

एकानंही मान वळवली नाही.

परतताना मामांनी बसक्या आवाजात मामीला विचारलं, "मी कसा बोललो?"

मामी गोंधळली. "तुम्ही कुठे बोललात? तुम्ही तर हात जोडून उभे होतात. बोलले ते देवमनभाऊ. 'माह्या मोरोपंताले मत द्या' म्हणता म्हणता रडले हो..."

आणि ती तिथेच थांबली. देवमनच्या तेरवीला ती स्वतः जेवून आली होती.

मामा निवडून आले. पण विधानसभेत कधी तोंड उघडलं नाही. "मतं त्याची आहेत," एवढंच म्हणायचे.

बोरगावचे लोक ते भाषण अजून आठवतात. मी बंडीवरच होतो, हाताच्या अंतरावर. मला एक शब्द ऐकू आला नाही.

खोटं कशाला बोलू... ज्यांनी ऐकलं त्यांचा मला आजही हेवा वाटतो. आणि त्या हेव्याचीच भीती वाटते.